‘चालतंय ना, मग?’ : कारखान्यातला जुना स्काडा बदलायचा कधी?

पत्र थोडक्यात असं :

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळतो. दैनंदिन गाळप पाच हजार टन, सोबत सहवीज प्रकल्प. मिल आणि बॉयलरचा स्काडा, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरून यंत्रं पाहायची-चालवायची यंत्रणा, २००९ च्या ऑफ-सीझनला बसवला, तेव्हापासून तो विंडोज एक्सपीवरच आहे. खाली सीमेन्सचे एस७-३०० पीएलसी, म्हणजे यंत्रं प्रत्यक्ष चालवणारे छोटे नियंत्रक. ज्या फर्मने प्रोग्रॅम लिहिला ती बंद झाली, लिहिणारे गृहस्थ निवृत्त होऊन गावी असतात. मार्च २०२३ मध्ये एम.डी. साहेबांच्या केबिनमधल्या स्क्रीनवर आकडे यायचे एकाएकी थांबले. आयटीच्या मुलाने त्या संगणकावरचं अपडेट काढलं, पुढची अपडेट्स बंद करून टाकली, आकडे परत आले. आता एका कंपनीने पीएलसीसकट सगळं बदलायचं ५२ लाखांचं कोटेशन दिलंय. ३१ मार्चपर्यंत ऑर्डर दिली तर सूट. आयटीचा मुलगा म्हणतो, एक्सपी म्हणजे उघडं दार, या ऑफ-सीझनला बदलाच. एम.डी. म्हणतात, ‘चालतंय ना, मग?’ चीफ इंजिनिअर दोघांपुढेही मान डोलावतात. बदललं आणि हंगामाच्या तोंडावर अडकलं तर माझ्यावर येणार. नाही बदललं आणि ऐन गाळपात बसलं तरी माझ्यावरच येणार. पट्टा पडायला, म्हणजे गाळप हंगाम संपायला, तीन आठवडे आहेत, मला निवृत्तीला सहा वर्षं. बदलायचं तर नेमकं कधी?

उत्तर :

‘माझ्यावर येणार’ हे तुमच्या पत्रात दोनदा आलंय. स्काडाचा संगणक बंद पडला तर तो किती तासांत परत उभा राहील, हे मात्र एकदाही आलेलं नाही. तुम्ही ते टाळलंत असं मला वाटत नाही. बहुतेक कुणी कधी विचारलंच नसेल. पण तुमची तारीख त्या आकड्यावर ठरणार आहे, सॉफ्टवेअरच्या वयावर नाही.

आधी एम.डी. साहेबांची बाजू घेतो, कारण तांत्रिक माणसं ती फार पटकन उडवून लावतात. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. त्यानंतर तुमच्या कारखान्याने दहाहून अधिक हंगाम गाळप केलं. त्या तारखेने तुमचा एक टन ऊससुद्धा अडवला नाही. बॉयलरचं काम बदललेलं नाही, पीएलसीचं बदललेलं नाही. नुसतं जुनं झालं म्हणून ५२ लाख घाला, असं कुणी म्हणालं तर शेतकऱ्यांच्या पैशावर बसलेल्या माणसाने नाही म्हणावं हेच बरोबर. गडबड त्यांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागात आहे. ‘चालतंय’ हे आज संध्याकाळपुरतं खरं असतं. गाडीत स्टेपनी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तिच्यात हवा आहे का हे पंक्चर झाल्यावर कळतं. तुमच्याकडे बॅकअपची सीडी कपाटात असेलच. ती शेवटची कधी लावून पाहिली?

आता आयटीच्या मुलाकडे वळू. धोका त्याने बरोबर ओळखलाय, औषध मात्र अर्धवट सांगितलंय. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा विषाणू पसरला तेव्हा सगळीकडे एक्सपीच्या नावाने ओरड झाली. प्रत्यक्षात लागण झालेल्या संगणकांत बहुसंख्य विंडोज ७ चे होते. म्हणजे तेव्हा कंपनीचा आधार असलेले, ज्यांच्यासाठीची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच, निघाली होती. ती कुणी लावलीच नव्हती. तुमच्याकडे नवीन विंडोज आलं आणि अपडेट लावायची शिस्त आली नाही, तर पाच वर्षांनी तुम्ही पुन्हा इथेच असाल आणि ५२ लाख गेलेले असतील. ‘आमचं नेटवर्क इंटरनेटला जोडलेलंच नाही’ ही दुसऱ्या टोकाची समजूतही फार धरून बसू नका. इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रात ‘स्टक्सनेट’ शिरला, तेही इंटरनेटपासून तुटलेलंच होतं. २०१० मध्ये उघडकीला आलेला हा विषाणू पेन ड्राईव्हवरून पसरायचा आणि सीमेन्सच्याच पीएलसीपर्यंत पोचायचा. तुमच्या मिल हाऊसमधून शिफ्ट रिपोर्ट ऑफिसला कशावर जातो, ते मी विचारत नाही.

आपल्या दाराशी घडलेली गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगतो. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ या विषाणूने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर एकाच दिवसात आडवे केले. न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे अपडेट करणाऱ्याच्याच घरात चोर शिरला होता! पण तुमच्या कामाचा भाग पुढचा आहे. कंपनीच्या साऱ्या नेटवर्कची नोंदवही ज्या सर्व्हरांवर असते, ते सगळे एकमेकांची प्रत ठेवत होते, म्हणून सगळे एकदमच गेले. एक तेवढा वाचला, घानातल्या कार्यालयातला. त्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. त्या एका प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीला तारलं ते बाजूला, बंद अवस्थेत राहिलेल्या एका प्रतीने, आणि तीही ठरवून ठेवलेली नव्हती. तुम्ही ती ठरवून ठेवू शकता. खर्च काही हजारांत येतो.

त्याआधी एक गोष्ट कागदावर मांडा. स्काडाचा संगणक मेला तर कारखान्यातलं नक्की काय मरतं? बोर्डात बसलेल्या माणसांना वाटतं, स्क्रीन काळी झाली की बॉयलर फुटला. तसं नसतं. ड्रम लेव्हलचा लूप (बॉयलरमधली पाण्याची पातळी आपोआप राखणारं नियंत्रण), फर्नेस ड्राफ्ट (भट्टीतला हवेचा दाब), इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र अडवणारी सोय) हे पीएलसीत असतील तर संगणक बंद पडला तरी पीएलसी आपलं काम करत राहतो. ऑपरेटरचे डोळे आणि हात तेवढे जातात. पाण्याची पातळी दाखवणारा गेज ग्लास बॉयलरवर असतोच. पण ‘असतील तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. २००९ च्या सुमाराच्या कामांत कधी कधी एखादा हिशेब, एखादा सेटपॉइंटचा (ठरवून दिलेल्या मापाचा) क्रम पीएलसीऐवजी स्काडाच्याच स्क्रिप्टमध्ये लिहिलेला सापडतो. तुमच्याकडे तसं काही आहे का, हे एप्रिल-मे महिन्यांत शोधा. पॅनलवरचे ऑटो-मॅन्युअल स्विच अजून जोडलेले आहेत की फक्त दिसायला आहेत, तेही बघा. संगणक गेल्यावर तासभर मॅन्युअलवर बॉयलर सांभाळू शकणारे अटेंडंट प्रत्येक शिफ्टला आहेत का? जुने होते. नवीन भरती झालेल्यांनी बॉयलर फक्त माऊसने चालवलेला असतो.

आता चाचणी. ऑफ-सीझनला, पट्टा पडल्यावर लगेच, स्काडाचा संगणक बंद करा आणि त्याची हार्ड डिस्क काढा. दुसऱ्या संगणकावर त्या डिस्कची जशीच्या तशी, सेक्टर न् सेक्टर प्रत काढा. क्लोनझिलासारखं फुकट साधन पुरतं. एक सावधगिरी : काही जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स डिस्कच्या लपवलेल्या भागात असतं आणि प्रत काढताना ते गडबडतं. म्हणून मूळ डिस्कला काही करायचं नाही. ती पाकिटात घालून, तारीख लिहून, कुलपात ठेवायची. प्रत संगणकात बसवायची आणि चालू करायची. पीएलसीशी बोलतोय का, ट्रेंड येतात का, अलार्म वाजतात का, रिपोर्ट निघतो का, लायसन्स मागतो का, सगळं पाहायचं. हे जमलं की तीच प्रत दुसऱ्या, तशाच जुन्या संगणकावर उभी राहते का पाहा. इथे बहुतेक ठिकाणी घोडं अडतं. एक्सपीची डिस्क वेगळ्या मदरबोर्डावर लावली की निळी स्क्रीन येते, आणि पीएलसीशी बोलणारं पीसीआय कार्ड लावायला आजच्या संगणकात जागाच नसते. म्हणून त्याच मॉडेलचे एक-दोन जुने संगणक आणि एक जादा कार्ड आत्ताच शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असला माल अजून मिळतो, पण दर वर्षी कमी होत जाणारा.

पीएलसीचीही अशीच खातरजमा हवी. एस७-३०० च्या बऱ्याच सीपीयूंत प्रोग्रॅम एका छोट्या मेमरी कार्डावर असतो. ते कार्ड साध्या कार्ड-रीडरमध्ये घालून विंडोजला फॉरमॅट करू दिलंत तर ते पीएलसीला परत वापरता येत नाही. हौशी मुलांना हे आधी सांगून ठेवा. दुसरं, ‘पीएलसीतून प्रोग्रॅम उतरवून घेऊ’ यावर विसंबू नका. उतरतो, पण त्यातली नावं आणि शेरे उतरत नाहीत. ‘बगॅस फीडर ट्रिप’ असं लिहिलेलं असतं तिथे नुसता पत्ता दिसतो, आणि त्या पत्त्यांच्या जंगलात शिरलेला माणूस आठवडाभर बाहेर येत नाही. शेऱ्यांसकट मूळ प्रोजेक्ट फाईल हवी. ती गावी राहणाऱ्या गृहस्थांच्या जुन्या लॅपटॉपवर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्यांना फोन करा, गाडी पाठवा, दोन दिवसांची रीतसर फी द्या. फुकटात ‘जरा येऊन जा’ म्हणू नका. फी दिली की त्यांनी सांगितलेलं लिहून घ्यायचा हक्क तुम्हाला मिळतो.

चाचणीचा शेवटचा भाग तुम्हाला आवडणार नाही. डिस्क बदलून स्काडा उभा करायची कृती एका पानावर लिहा, तुमच्या सगळ्यात ज्युनिअर माणसाच्या हातात द्या, आणि घरी जा. मोबाईल बंद. त्याला किती वेळ लागला तो तुमचा खरा आकडा. तुम्ही स्वतः पाऊण तासात केलंत त्याला अर्थ नाही, कारण ब्रेकडाऊन रात्री अडीचला होतो आणि तुम्ही तेव्हा भाचीच्या लग्नाला असता.

समजा, दोन तास लागले. पाच हजार टनांचं गाळप म्हणजे तासाला सुमारे २०८ टन. दोन तासांत चारशे टनांच्या आसपास ऊस थांबला. चिडचिड होईल, पण असे थांबे हंगामात इतर कारणांनीही येतात. आठ तास लागले तर सुमारे १,६६० टन. यार्डात रांग लागते, काट्यावर न गेलेला ऊस वाळतो आणि ते वजन शेतकऱ्याच्या खात्यातून जातं. प्रक्रियेतला रस खराब व्हायला लागतो, वीज निर्यात थांबते. उभाच राहिला नाही तर तुमच्याकडे चालणारी यंत्रणा नाही, फक्त अजून न बिघडलेली यंत्रणा आहे. या तिन्हींचं उत्तर एक असू शकत नाही.

म्हणून तुमच्या ‘कधी’चं माझं उत्तर दोन तोंडांचं आहे. मेअखेरपर्यंत चाचणी जमली, तर या ऑफ-सीझनला बदलू नका. चाचणी फसली, तर याच ऑफ-सीझनला बदला, आणि सवलतीसाठी नाही, तर तुमच्यापुढे पर्याय उरला नाही म्हणून.

पहिल्या शक्यतेत थांबायला का सांगतोय? मार्चअखेर ऑर्डर देऊन ऑक्टोबरात बॉयलर पेटवणं हे दिसायला सहा महिने दिसतं. त्यात बोर्डाचा ठराव, कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता, आगाऊ रक्कम, माल यायची वाट, पावसाळा आणि गणपती आहेत. प्रत्यक्ष लूप तपासायला दसऱ्याआधीचे तीन आठवडे उरतात आणि त्याच तीन आठवड्यांत मिलचे रोलर, टर्बाईन, कन्व्हेअर सगळेच तुमच्या माणसांना हाका मारत असतात. ऐन अग्निप्रदीपनाच्या दिवशी व्हेंडरचा मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला, हे चित्र तुम्ही दुसऱ्या कारखान्यात पाहिलं असेलच.

त्यापेक्षा असं करा. नवा स्काडा या वर्षी सावकाश तयार करून घ्या आणि पुढच्या हंगामात जुन्याच्या शेजारी, फक्त वाचणारा म्हणून चालवा. एकाच पीएलसीकडून दोन स्टेशनांना आकडे वाचता येतात. एस७-३०० ला जोडण्यांची मर्यादा असते, ती आधी तपासा, आणि लागलं तर इथरनेटचं मॉड्यूल घाला. ते पुढेही उपयोगी पडेल. हंगामभर नव्या पडद्यावर हात लावायचा नाही, फक्त पाहायचं. दोन्हीकडे ड्रम लेव्हल सारखी दिसते का, एकच अलार्म दोन्हीकडे वाजतो का, बॉयलर अटेंडंटला कुठला आकडा कुठे हवाय. हंगाम संपेपर्यंत नव्याचे दोष सापडलेले असतील आणि एक टनही पणाला लागलेला नसेल. ताबा नव्याकडे द्यायचा तो त्यानंतरच्या ऑफ-सीझनला. जुनी डिस्क तेव्हाही कुलपात असेलच, आणि सप्टेंबरच्या अमुक तारखेपर्यंत लूप तपासून झाले नाहीत तर जुन्यावर परत जायचं, ही तारीख आधीच लिहून ठेवायची.

पण थांबायचं म्हणजे होतं तसं ठेवायचं नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही सहज सांगून गेलात. मार्च २०२३ मध्ये एम.डी. साहेबांची स्क्रीन थांबली तो योगायोग नव्हता. जुन्या पद्धतीचं ओपीसी (स्काडातले आकडे दुसऱ्या संगणकाला द्यायची पद्धत) हे मायक्रोसॉफ्टच्या डीकॉम या यंत्रणेवर चालतं. त्या यंत्रणेतली एक सुरक्षेची फट बुजवायचं काम मायक्रोसॉफ्टने २०२१ पासून टप्प्याटप्प्याने केलं, आणि १४ मार्च २०२३ च्या अपडेटपासून ते बंद ठेवायची सोयच काढून टाकली. नव्या नियमाने बोलणं तुमच्या एक्सपीला येत नाही. त्यावर तुमच्याकडे उपाय काय झाला? केबिनमधल्या चांगल्या संगणकाची अपडेट्स तेव्हापासून बंद आहेत. त्याच संगणकावर ईमेल उघडला जात असेल, बँकेचं कामही होत असेल. जुना संगणक स्वतः जुना राहिला एवढंच नाही, त्याने दुसऱ्यालाही जुनं ठेवलं. वयापेक्षा ही खूण मी जास्त मानतो. जुनी यंत्रणा शेजारच्या निरोगी यंत्रणेला आजारी ठेवायला लागली की तिचे दिवस मोजायला घ्यावेत.

केबिनमधल्या संगणकाला स्काडाशी जोडणारी तार याच आठवड्यात काढा. गाळप चालू असताना काढली तरी मिलला काही होत नाही, केबिनमधले आकडे तेवढे जातील. साहेबांना दर तासाला व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे पाठवायची सोय करा. आवडणार नाही, पण महिन्यात सवय होईल. पुढे नवं स्टेशन आलं की आकडे त्याच्याकडून, मध्ये फायरवॉल ठेवून, द्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ऑनलाइन आकडे पाठवणारी पेटी त्याच स्विचवर असेल तर तीही वेगळी काढा. पेन ड्राईव्हसाठी एकच ठरलेला, तपासलेला संगणक ठेवा. आणि आयटीच्या मुलाला प्रेमाने सांगा की चालू कंट्रोल नेटवर्कवर, काय काय जोडलंय ते शोधणारा स्कॅनर फिरवायचा नाही. जुनी कार्डं त्या नुसत्या विचारपुशीनेही गप्प होतात. त्याला या कामात जरूर घ्या. तो उत्साही आहे आणि तुमच्यानंतर तिथे राहणार आहे.

आता ते ५२ लाखांचं कोटेशन. त्यात दोन वेगवेगळे निर्णय एका गाठोड्यात बांधलेत. संगणक आणि स्काडा हा एक निर्णय, पीएलसी हा दुसरा. सीमेन्सने एस७-३०० ऑक्टोबर २०२३ पासून मागे घ्यायला सुरुवात केली आहे आणि सुटे भाग पुढची दहा वर्षं देणार असं सांगितलंय, म्हणजे २०३३ पर्यंत. पीएलसी आज बदलायची घाई नाही, पण महत्त्वाचे सीपीयू आणि कार्डं यांचे जादा नग या वर्षी घेऊन ठेवा. वाट पाहिलीत तर भाव चढतील आणि खोटा माल वाढेल. पीएलसी बदलणं म्हणजे शेकडो तारा सोडून पुन्हा बांधणं. त्याला वेगळा ऑफ-सीझन द्या, दोन-तीन वर्षांनी, आधी मिल, मग बॉयलर. गाठोडं सोडलंत की आज लागणारी रक्कम बरीच खाली येईल, आणि साहेबांचा नकारही तितकाच खाली येईल असा माझा अंदाज आहे.

नवीन कोटेशन मागाल तेव्हा त्यात कुठलं विंडोज आहे, हे नाव आणि आवृत्तीसकट लिहून घ्या. साध्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी कोटेशनांत ते अजून चिकटून येतं. कारखान्यांसाठीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या वेगळ्या असतात. विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ला जानेवारी २०३२ पर्यंत आधार आहे, विंडोज ११ च्या २०२४ वाल्या तशाच आवृत्तीला ऑक्टोबर २०३४ पर्यंत. नव्या स्काडाचं लायसन्स कारखान्याच्या नावावर, मूळ प्रोजेक्ट आणि सगळे पासवर्ड कारखान्याच्या ताब्यात, आणि ‘डिस्क बदलून उभं करून दाखवलं’ याशिवाय अंतिम बिल नाही, ही कलमं घाला. थोडी रक्कम गाळप सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी द्या. चांगली फर्म यावर कुरकुरत नाही. आणि ३१ मार्चच्या सवलतीचं मनावर घेऊ नका, ती त्यांच्या वर्षअखेरीची घाई आहे, तुमची नाही.

एक मधला मार्ग कुणीतरी सुचवेलच : एक्सपी जसाच्या तसा उचलून नव्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, ठेवा. वाईट नाही. मोडक्या हार्डवेअरची भीती जाते, प्रत काढणं सोपं होतं. पण पीसीआय कार्ड तिथे चालणार नाही, ते इथरनेटवर आणावं लागेल, आणि आत बसलेला एक्सपी तोच राहतो. चाचणी फसली आणि पैसे मंजूर झाले नाहीत, तर एका हंगामापुरता हा आसरा घ्या.

साहेबांकडे जाताना ‘सायबर हल्ला’ हा शब्द पहिल्या वाक्यात नको. त्यांनी तो इतक्यांदा ऐकलाय की आता ऐकू येत नाही. एक पान न्या. वर चाचणीत निघालेला तास, त्याखाली टन, त्याखाली तीन पर्याय आणि त्यांचा खर्च : काहीच न करणं, टप्प्याने करणं, सगळं एकदम करणं. काहीच न करणं हाही पर्याय म्हणून लिहा, त्याच्यापुढेही तास आणि टन लिहा, आणि बैठकीत निवडलेल्या पर्यायाची नोंद इतिवृत्तात करून घ्या. ‘माझ्यावर येणार’ ही भीती खोटी नाही, पण तुम्ही गप्प राहता तोवरच ती पूर्ण तुमची असते. चीफ इंजिनिअरना ते पान आधी दाखवा. त्यांची मान कुठल्या बाजूला हलते ते बैठकीआधीच कळलेलं बरं.

अशाच अडचणीतल्या इतरांसाठी थोडं. तुमच्याकडे ऑफ-सीझन नसेल, लोटे किंवा तारापूरच्या रासायनिक कारखान्यासारखं वर्षभर चालत असेल, तर शेजारी-शेजारी चालवायचा टप्पा लांबवा आणि वार्षिक शटडाऊनला एकेक विभाग हलवा. भोसरी किंवा शिरोलीत एखादं जुनं सीएनसी (संगणकावर चालणारं कटाईचं मशीन) सांभाळत असाल तर नवीन कंट्रोलरची चौकशी नंतर करा, आधी पॅरामीटरचा बॅकअप घ्या. फॅनक कंपनीच्या जुन्या कंट्रोलरांत ते बॅटरीवर टिकून असतात. बॅटरी संपली की मशीनची ओळखच पुसली जाते, आणि ती बदलायची असते मशीनचा वीजपुरवठा चालू ठेवूनच. फ्लॉपीवर प्रोग्रॅम असतील तर फ्लॉपीच्या जागी बसणारी यूएसबीची पेटी मिळते, तेवढ्याने कित्येक मशीन अजून बरीच वर्षं काढतील. तुमचा खरा प्रश्न ‘आम्हाला नवीन बदल करायचाय आणि जुन्यात तो करताच येत नाही’ असा असेल, म्हणजे टॅग (स्काडात नोंदवता येणाऱ्या आकड्यांच्या जागा) संपलेत, इथेनॉलची नवी लाईन जोडायचीय, तर सगळ्या चाचण्या बाजूला ठेवा आणि अपग्रेडचं काम नव्या लाईनच्या बजेटातच धरा. नंतर वेगळे पैसे कुणी देत नाही.

पुन्हा तुमच्याकडे येतो, कारण एक काम पट्टा पडल्यावर करता येणार नाही. गाळप चालू आहे तोवर, म्हणजे या तीन आठवड्यांत, स्काडाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. सगळे सेटपॉइंट, लूपची ट्युनिंग, अलार्मच्या मर्यादा वहीत उतरवा. कुठे कुठला इंटरलॉक बायपास केलाय, कुठे बिट फोर्स केलाय (सिग्नल जबरदस्तीने चालू किंवा बंद धरून ठेवलाय), याची यादी करा. ती निघेल, आणि वाटते त्यापेक्षा लांब निघेल. मग प्रत्येक शिफ्टला तासभर ऑपरेटरशेजारी बसा. हा ट्रान्समीटर चार टक्के जास्त दाखवतो, हा अलार्म आला की आम्ही बघत नाही, हा फीडर सुरू करायच्या आधी दहा सेकंद थांबतो कारण एकदा चोक झाला होता. सतरा वर्षांचं हे शहाणपण कुठल्याच फाईलीत नाही. नव्या स्काडाची ऑर्डर कुणालाही गेली तरी त्यांना पहिल्या दिवशी द्यायला हीच वही लागेल. बॉयलरच्या रात्रपाळीपासून सुरुवात करा, तिथे लोक जास्त बोलतात.